नायनांच्या पैशातून मुलांना नान्नजचा माळ दाखवायचा आहे. झाडं लावू की बस करू?

मागवाल्याची लेक (सोलापूर, पूर्व भाग)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसतं वाचत होते, आज पहिल्यांदा लिहिते आहे. जरा लांबेल, सांभाळून घ्या.

माझे वडील गेल्या वर्षी वारले, अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होते. आमच्या घरात तेलुगू बोलतात, त्यामुळे आम्ही त्यांना नायना म्हणायचो. चादरीच्या कारखान्यात आधी मागावर आणि पुढे जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारा, म्हणून त्यांनी चाळीस वर्षं काढली. कान मागाच्या आवाजाने गेले होते. कदाचित म्हणूनच सुट्टीच्या दिवशी त्यांना शांत जागा लागायची. सायकल काढून ते हिप्परग्याच्या तळ्यावर जायचे आणि दुपारपर्यंत बसायचे.

१९७८ साली मी सातवीत होते. गणपतीच्या आसपासचे दिवस. त्यांनी मला कॅरिअरवर बसवलं आणि अंधारातच बार्शी रस्त्याला लागले. वीसेक किलोमीटर. नान्नजच्या अलीकडे सायकल बांधाला टेकवली आणि मला म्हणाले, बोलायचं नाही. गवत माझ्या कमरेएवढं होतं. बऱ्याच वेळाने लांबून एक आवाज आला, रिकाम्या घागरीत कुणी फुंकर मारावी तसा. मग तो दिसला. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, गळ्याची पिशवी फुगवून पार पायांपर्यंत सोडलेली. माळढोक. नायनांना त्याचं नाव ठाऊक नव्हतं. तिथल्या धनगराने सांगितलं, हा हूम. पुढच्याच वर्षी तिथे अभयारण्य झालं.

पुढे मी शिक्षिका झाले. चौतीस वर्षं पूर्व भागातल्या शाळांमध्ये शिकवलं. माझ्या वर्गात विडी कामगारांची आणि यंत्रमागावाल्यांची मुलं असायची. आई घरात बसून दिवसाला हजार विड्या वळते, बाप बारा तास कारखान्यात. भूगोलाच्या तासाला 'गवताळ प्रदेश' शिकवायचा तर पुस्तकात आफ्रिकेचं चित्र. मी विचारायचे, नान्नज कुणी पाहिलंय? चाळीसातला एखादा हात वर व्हायचा, तोही लग्नाला गेलेल्याचा. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलेली ही मुलं, चार हुतात्म्यांची नावं धडाधड सांगणारी, पण वीस किलोमीटरवरचं काळवीट त्यांनी पाहिलेलं नाही. दोनदा मी सहल ठरवली. एकदा बसचे पैसे जमले नाहीत. एकदा पैसे जमले पण परवानगीचा कागद वेळेत आला नाही, आणि मुलं डबे घेऊन शाळेच्या पायरीवर बसून राहिली. ते चेहरे अजून डोळ्यासमोरून जात नाहीत.

आता मुद्दा. नायनांच्या फंडातले आणि आम्हा तिघा भावंडांचे मिळून तीन लाख साठ हजार रुपये बाजूला काढले आहेत. ते त्या माळासाठी आणि या मुलांसाठी खर्च करायचे आहेत. माझ्या मनात तीन गोष्टी आहेत:

एक, नायनांच्या नावाने माळावर तीनशे-चारशे झाडं लावून द्यायची. सांगली जिल्ह्यात सागरेश्वरला धों. म. मोहित्यांनी उजाड डोंगरावर जंगल उभं केलं, १९८५ मध्ये त्याचं अभयारण्य झालं, हे मी वर्षानुवर्षं मुलांना सांगत आले. तसं काही आपल्या हातून व्हावं असं फार वाटतं.

दोन, प्रवेशाची कमान किंवा बाकडी. मी एका कार्यालयात विचारायला गेले तेव्हा तिथल्या साहेबांनी हेच सुचवलं. "कमान बांधून द्या, वडिलांचं नाव घालू."

तीन, बस. दर वर्षी काही वर्गांना सकाळी माळावर न्यायचं, दाखवायचं, आणायचं. यात नाव कुठेच दिसणार नाही आणि पैसे डिझेलमध्ये जाणार, असं धाकट्या भावाचं म्हणणं आहे.

तुम्ही काय कराल? आणि पैसे नक्की कुणाच्या हातात द्यायचे, तेही सांगा.

---

चंडोल

ताई, तुमचं गणपतीच्या दिवसांतलं वर्णन वाचून मी खुर्चीतून उठलोच. मी सव्वीस वर्षं नान्नजला जातोय. गळ्याची पिशवी सोडलेला नर तुम्ही पाहिलात, ही गोष्ट आता सोलापुरात सांगू शकणारी माणसं फार थोडी उरली आहेत. हल्ली एखाद्या मादीच्या दर्शनाचीच बातमी होते.

हात जोडून एक विनंती करतो. माळावर झाडं लावू नका.

सागरेश्वरचं काम थोर आहेच. पण तिथला डोंगर मुळात झाडोऱ्याचा, तो तोडून-चरून उघडा पडला होता. तिथे झाड लावणं म्हणजे गेलेलं परत आणणं. नान्नजचा माळ उघडा पडलेला नाही, तो आहेच तसा. आपल्याकडे पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास, मुरमाड जमीन, खाली खडक. इथलं मूळ पीक म्हणजे गवत. कुसळी, मारवेल आणि मधून मधून एखादी बोर, एखादा हिवर. माळढोक, धाविक, माळटिटवी, चंडोल, सगळे जमिनीवर अंडी घालतात. माळढोकाची मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्यावर. तिचं संरक्षण एकच, चहूबाजूंनी लांबवर दिसणं. तुम्ही तिथे चारशे झाडांची रांग लावलीत की कावळ्याला आणि शिकारी पक्ष्याला बसायला चारशे फांद्या मिळाल्या, आणि त्या मादीची नजर अडली. जुन्या काळी याच माळांवर ग्लिरिसिडिया हे परदेशी झाड लावलं गेलं. लावणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. पण त्या पट्ट्यांकडे गवतातले पक्षी फिरकत नाहीत, हे मी इतकी वर्षं बघतोय.

सरकारी कागदावर अशा जमिनीला 'पडीक' म्हणतात, आणि आपल्या बोलण्यातही तोच शब्द बसलाय. पडीक म्हटलं की कुणालाही वाटतं इथे काहीतरी लावावं, बांधावं. मुलांना माळ दाखवायचा तो यासाठी, की पुढची पिढी तरी त्याला पडीक म्हणणार नाही.

झाडं लावायचीच असतील तर विजापूर रस्त्याच्या बाजूला, शहरात, शाळेच्या आवारात लावा. नान्नजला बस न्या. पण पावसाळ्यात नको. जुलै ते ऑक्टोबर हा विणीचा काळ. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. थंडीत भोवत्या नावाचे शिकारी पक्षी आलेले असतात, पार मध्य आशियातून. संध्याकाळी गवतावरून वीतभर उंचीने तरंगत जातात. सकाळी काळविटांचे कळप हमखास दिसतात. नशीब असेल तर लांडगा. एका वेळी तीसच्या वर मुलं नेऊ नका, आणि पांढरे-लाल शर्ट घालून नका नेऊ.

---

मागवाल्याची लेक

चंडोल भाऊ, तुम्ही एवढं समजावून लिहिलंत, मी रात्री दोनदा वाचलं. झाडांचा विचार सोडला. चौतीस वर्षं मी मुलांना 'झाडे लावा' शिकवत आले, आणि माझ्याच गावच्या माळाला ते लागू नाही हे मला कुणी सांगितलं नव्हतं. वाईट वाटलं, पण बरं झालं आत्ता कळलं.

शर्टाचं लक्षात ठेवते. गणवेश पांढराच आहे. वरून काही घालायला लागेल.

---

शिवारातला (नान्नजजवळ)

ताई, मी तिकडचाच. ज्वारी, तूर आन थोडा कांदा असतोय माझा. तुमी मुलांना आणताय म्हणून लिहितो, नायतर या विषयावर मी बोलत नाय.

अभयारण्य झालं तवा आमच्या बापजाद्यांना कुणी इचारलं नव्हतं. ८,४९६ चौरस किलोमीटर कागदावर घातलं. तालुकेच्या तालुके. त्यात माणसांची शेतं, घरं, विहिरी. जमीन इकायची तर अडचण, काय बांधायचं तर अडचण. माझ्या चुलत्यानं पोरीच्या लग्नाला दोन एकर इकायचं ठरवलं आन कागद अडकला. तीन वर्सं हेलपाटे घातले. पुढं हद्द कमी करून १,२२२ वर आणली, तवा कुठं श्वास घेतला. त्या काळात गावात माळढोकाचं नाव जरी काढलं तरी लोक तोंड फिरवायची. पाखरावर राग न्हवता, पर राग काढायला दुसरं कोण न्हवतं.

आन काळवीट रात्री येऊन ज्वारीचे कोंब खातंय ते येगळंच. पंचनामा होतोय, पैसे येतात, पर येळेवर येत नाहीत.

आता तुमच्या बसचं. शहरातनं गाड्या येतात, फोटो काढतात, बाटल्या टाकून जातात. गावाला एक रुपाया नाय. तुमच्या पैशातले थोडे गावात पडूद्या. आमची दोन पोरं हायेत, धनगराची, त्यांना पाऊलखुणा कळतात. लांडगा काल रात्री कुठनं गेला ते सकाळी मातीत दाखवतील. त्यांना दिवसाची मजुरी द्या. बचत गटाच्या बाया मुलांना कडक भाकरी, शेंगाची चटणी, दही देतील. डिसेंबर-जानेवारीत आलात तर माझ्या वावरात हुरडा माझ्याकडनं. त्याचे पैसे घेणार नाय.

कमान नको. कमानीनं आमाला काय भेटत नाय आन पाखरालाबी नाय.

---

निवृत्त वनरक्षक

मॅडम, कागदाबद्दल थोडक्यात. तुमची मागची सहल कागदावर अडली असं लिहिलंय म्हणून सांगतो.

नान्नजचा भाग सोलापूरच्या वनविभागाकडे नाही. तो पुण्याच्या वन्यजीव विभागाकडे आहे. पुष्कळ लोक इथल्या कार्यालयात अर्ज देतात आणि तो अर्ज टपालाने फिरत बसतो. अर्ज नान्नजच्या वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत पुण्याला करा. तारीख, वेळ, मुलांची संख्या, सोबत किती शिक्षक, गाडीचा प्रकार, सगळं लिहा. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मधलं कलम २८ पर्यटन आणि अभ्यासासाठी प्रवेशाची परवानगी देतं. तुम्ही मागताय ते हक्काने मागण्यासारखं आहे, उपकार म्हणून मागू नका. महिनाभर आधी द्या. आणि वर्षाच्या सगळ्या सहलींचा एकच अर्ज करा, प्रत्येक वेळी नवा नको.

मचाणावर एका वेळी पाच-सहा मुलं. बाकीच्यांनी खाली बसायचं. मी नोकरीत असताना एका शाळेने मुलांना आधी आठवडाभर गप्प बसायचा सराव करून आणला होता. ती मुलं चाळीस मिनिटं हलली नाहीत आणि काळवीट त्यांच्यापासून दगड फेकला तर पोचेल इतक्या अंतरावरून गेलं. तेव्हा मुलं गप्प बसत नाहीत असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

---

हिशेबनीस (बार्शी)

ताई, पैशाची बाजू मी सांगतो, व्यवसायच तो आहे.

रोख रक्कम कुणाच्याही हातात देऊ नका, माणूस कितीही चांगला असला तरी. सार्वजनिक न्यासाकडे द्या. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला, दर वर्षी हिशेब तपासून घेणारा, आणि ज्याच्या उद्देशांत शिक्षण किंवा पर्यावरण स्पष्ट लिहिलंय असा. मागच्या तीन वर्षांचे ताळेबंद मागा. जो द्यायला कुरकुर करेल त्याला सोडून द्या.

न्यासाकडे ८०जी ची, म्हणजे देणगीवरच्या आयकर सवलतीची, नोंदणी असेल तर देणगीच्या निम्म्या रकमेची वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या ठरावीक मर्यादेत. दोन हजारांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत, वस्तूरूपाने दिलेलीही नाही. आणि तुम्ही नव्या करपद्धतीत असाल तर ही वजावटच नाही. तिघा भावंडांपैकी जो जुन्या पद्धतीत आहे त्याच्या खात्यातून मोठा हिस्सा जाऊ द्या.

देताना पत्र द्या: ही रक्कम फक्त महापालिका आणि अनुदानित शाळांच्या विद्यार्थ्यांच्या नान्नज भेटीसाठी, यातून बांधकाम करू नये. एवढं एक वाक्य फार कामाला येतं. ते नसेल तर दोन वर्षांनी विश्वस्त बदलतात आणि तुमच्या पैशाचं कार्यालयात एसी बसतं.

माझा सल्ला, रक्कम कायम निधी म्हणून ठेवा आणि व्याजावर सहली करा. सात टक्क्यांनी वर्षाला २५,२०० रुपये येतील. मूळ रक्कम कधी संपणार नाही, वडिलांचं नाव राहील.

---

मागवाल्याची लेक

हिशेबनीस, आभार. मी काल वही घेऊन बसले. छोटी बस एका सकाळसाठी साडेसहा हजार सांगतात. गावातल्या दोन मुलांची मजुरी मिळून आठशे धरली. तीस जणांचा नाश्ता, माणशी चाळीसप्रमाणे बाराशे. एक सहल साडेआठ हजारांची झाली. पंचवीस हजार दोनशेत वर्षाला तीन सहलीही पुऱ्या होत नाहीत. ऐंशी-पंच्याऐंशी मुलं. एसटीची बस शालेय सहलीला प्रासंगिक करारावर निम्म्या दरात मिळते, तेही आगारात विचारते आहे, पण मोठी बस गावाच्या आतल्या रस्त्यावर वळत नाही असं चालक म्हणाले.

दुसरीकडे, सगळे पैसे पाच वर्षांत खर्चायचे ठरवले तर वर्षाला ७२,००० येतात. आठ सहली होतात, हिवाळ्याच्या चार महिन्यांत महिन्याला दोन. पाच वर्षांत चाळीस सहली, हजाराच्या वर मुलं.

नाव कायम राहावं की मुलं जास्त जावीत, यात मी अडकले आहे. कुणी असं कुठे केलेलं पाहिलं आहे का?

---

सातासमुद्रापारचा सोलापूरकर

मी दत्त नगरचा, आता अठरा वर्षं अमेरिकेत. ताई, तुम्ही मला शिकवलं नाहीत पण माझ्या बहिणीला शिकवलं असेल, शाळा तीच वाटते.

इथे हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर आला होता. २०१५ मध्ये सरकारने चौथीतल्या प्रत्येक मुलाला राष्ट्रीय उद्यानांचा वर्षभराचा मोफत पास दिला, घरच्यांसकट. २०१९ मध्ये संसदेने त्याला कायद्याचं रूप दिलं. पास मोफत झाला, पण गरीब वस्तीतल्या शाळा तरीही जाईनात. कारण तुमचंच. तिकीट अडचण नव्हती, बस अडचण होती. इथे राष्ट्रीय उद्यानांसाठी देणग्या गोळा करणारी एक संस्था आहे, नॅशनल पार्क फाउंडेशन, १९६७ साली संसदेनेच स्थापन केलेली. तिने लोकांकडून आणि कंपन्यांकडून पैसे घेऊन शाळांच्या बसभाड्यासाठी अनुदान दिलं. माझ्या मुलीचा वर्ग अशाच पैशातून गेला होता. बसमध्ये कुणाच्या नावाची पाटी नव्हती. मुलगी अजून त्या दिवसाबद्दल बोलते.

दुसरं उदाहरण मला जास्त आवडतं. मेन राज्यात अकेडिया नावाचं राष्ट्रीय उद्यान आहे. रॉकफेलर या धनाढ्य माणसाने तिथे हजारो एकर जमीन दान दिली आणि घोडागाड्यांसाठी दगडी रस्ते बांधून दिले, पंचेचाळीस मैलांचे, मोटारींना बंदी. आजही त्यावरून माणसं पायी आणि सायकलवर फिरतात. हे मोठ्या माणसाचं मोठं दान. पण १९९९ पासून तिथे उन्हाळ्यात गावागावांतून उद्यानापर्यंत मोफत बस धावते, आणि एल. एल. बीन ही कपड्यांची कंपनी त्या बसला गेली वीसएक वर्षं पैसे देते आहे. ज्याच्याकडे गाडी नाही तोही आता त्या दगडी रस्त्यावर पोचतो. मी दोन्ही पाहिलं आहे, आणि मला विचाराल तर रस्त्याइतकंच बसचंही मोल आहे.

तुमच्या शंकेवर माझं मत: खर्च करून टाका. पाच वर्षं आठ-आठ सहली झाल्या, नोंदी ठेवल्या, मुलांनी लिहिलेलं जपलं, तर सहाव्या वर्षी दुसरं कुणी पुढे येईल. त्यात मी असेन. पहिल्या हिवाळ्यासाठी एका सहलीचे साडेआठ हजार आत्ताच पाठवतो, न्यासाचं नाव कळवा. माझ्या आईच्या सोलापूरच्या खात्यातून देतो.

---

शिवारातला (नान्नजजवळ)

मीबी तेच म्हणतो. व्याजाची वाट बघू नका. आमच्याकडं माळ दर वर्साला थोडा थोडा कमी होतोय. ऊस येतोय, प्लॉट पडतायत. आज जे दिसतंय ते आजच दाखवा पोरांना.

---

जुळे सोलापूरची आई

मध्येच लिहिते, रागावू नका. माझा मुलगा चौदा वर्षांचा आहे, चाकाच्या खुर्चीवर असतो. आमच्या भागातल्या एका बागेला माणसं एकेक करून आत सोडणारं फिरतं लोखंडी दार आहे, मोटारसायकली आत येऊ नयेत म्हणून. खुर्ची त्यातून जात नाही. शेजारचं मोठं दार कुलूपबंद, किल्ली कुणाकडे ते कुणाला माहीत नाही. तो बाहेरून जाळीतून झोपाळे बघतो आणि म्हणतो, चल घरी. चार वेळा अर्ज दिला.

मुलांना बसने नेणार म्हणता तेव्हा अशी मुलंही मोजा. माळ तर सपाट आहे. त्याला मचाणावर चढायचं नाही, खालून बघायचं आहे.

---

चंडोल

ताई, तुमच्या मुलासाठी जागा माझ्या मनात आली. माळाच्या कडेच्या कच्च्या गाडीवाटेवर एक टप्पा आहे, तिथे गाडीत बसूनच काळवीट दिसतात. प्राणी गाडीला कमी बिचकतात, माणूस खाली उतरला की पळतात. म्हणजे खुर्चीवरच्या मुलांना कदाचित इतरांपेक्षा जवळून दिसेल. मी स्वतः सोबत येईन.

---

मागवाल्याची लेक

सगळ्यांची मी ऋणी आहे. आम्ही तिघं भावंडं काल बसलो. ठरलं ते सांगते.

पैसे पाच वर्षांत खर्च करायचे. धाकट्या भावाला पटवायला वेळ लागला. त्याला कमान हवी होती. नायनांना आयुष्यभर कुणी मान दिला नाही, एकदा तरी नाव दगडावर यावं, असं म्हणून तो रडला. मीही रडले. मग मोठी बहीण म्हणाली, नायना आपल्याला घेऊन गेले तेव्हा तिथे कमान होती का? त्यावर तो काही बोलला नाही, पण सकाळी स्वतःच आगारात चौकशीला गेला.

एका न्यासाचे तीन वर्षांचे ताळेबंद पाहून आलो, हिशेबनीसांनी सांगितलेलं वाक्य पत्रात घातलं. अर्ज नान्नजला देऊन आले, आठही तारखांचा एकच. परवानगीचं कळलं की लिहीन. आठांपैकी एक सहल खुर्चीवरच्या आणि काठीवरच्या मुलांची, दहाच जणांची. जुळे सोलापूरच्या ताई, पहिलं नाव तुमच्या मुलाचं लिहिलंय. फिरत्या दाराचा अर्ज पाचव्या वेळी द्यायचा असेल तर मी बरोबर येते, मला हेलपाट्यांची सवय आहे.

शिवारातले दादा, त्या दोन्ही धनगरांच्या मुलांशी बोलायला रविवारी येते. माझ्या वर्गातली निम्मी मुलं घरी तेलुगू बोलतात, काही कन्नड, काही उर्दू. पक्ष्यांची नावं चारही भाषांत एका कागदावर लिहून काढायची म्हणते आहे. 'हूम' मात्र सगळ्यांना तसंच शिकवणार. हुरड्याचं आमंत्रण घेतलं आहे, पण मुलं तीस आहेत हे लक्षात ठेवा.

पांढऱ्या गणवेशावर घालायला शेजारच्या कारखान्यातून मातकट रंगाच्या जाड कापडाचे तुकडे मिळाले, बाह्या नसलेले तीस अंगरखे शिवायला टाकलेत. कारखानदाराने पैसे घेतले नाहीत. नायनांनी त्याला माग बांधायला शिकवलं होतं म्हणे. हे मला ठाऊकच नव्हतं.

आता एकच अडचण उरली आहे. माझ्याकडे दुर्बीण एकच आहे, तीही एका डोळ्याची बाजू धूसर झालेली. तीस मुलांना निदान सहा लागतील. कुणाच्या कपाटात जुनी पडून असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी उसनी द्या. प्रत्येकीवर मालकाचं नाव चिकटवीन, फेब्रुवारीच्या शेवटच्या सहलीनंतर स्वतः घरी आणून देईन.

---

निवृत्त वनरक्षक

एक माझी घ्या. पट्टा तुटलाय, काच चांगली आहे.